नवे रुग्ण घेतले जातात

ऑर्विल, तुझं नाव अजून आहे त्या पुस्तकात.
पान एकशे बारा, वरून चौथं.
पत्ता हाच, फोन हाच, भिंतीवरचा,
आणि पुढे बरोबरची खूण :
नवे रुग्ण घेतले जातात.

तुला जाऊन गव्हाच्या तीन कापण्या झाल्या.

पहिला फोन आला तेव्हा मी म्हणून गेले,
डॉक्टर बाहेर गेलेत.
चाळीस वर्षांची जीभ, ती काय करणार.
पलीकडची बाई म्हणाली, बरं, मी थांबते.
आणि थांबली की खरंच. श्वास ऐकू येत होता,
मागे कुणाचं तरी पोर कण्हत होतं.

तेव्हापासून मी नोंद ठेवते,
तुझ्याच औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर.
मार्वा स्टुकी, पायाची जखम, साखर.
कत्तलखान्यात रात्रपाळी करणारा एक जण, नाव सांगेना,
दोन बोटं वळत नाहीत.
डेलफिना ओचोआ, तिचा बेटो, वय सहा, कान.
सगळ्यांकडे कार्ड आहे. विमा सरकारचा,
कार्ड कंपनीचं,
आणि कंपनीने नेमून दिलेला डॉक्टर तू.

कॅन्ससच्या या कोपऱ्यातून दुसरा डॉक्टर
एकशे चाळीस मैलांवर.
गाडी मिळते म्हणे फुकट, पण तीन दिवस आधी सांगायचं.
आता कान काय तीन दिवस आधी कळवून ठणकतो?

म्हणून मीच फोन केला कंपनीला.
पन्नास मिनिटं बासरी ऐकवली.
मग एक मुलगा आला, गोड आवाजाचा, लांबच्या कुठल्याशा शहरातला.
म्हणाला, काळजी नको बाई,
तुमच्यापासून तीस मैलांच्या आतच आहेत एक डॉक्टर.
कोण, मी विचारलं.
त्याने तुझं नाव वाचलं. आडनाव चुकवलं.
म्हटलं, अरे, त्यांचा कोट माझ्यासमोर खुंटीला आहे
आणि ते धान्याच्या कोठारामागे, टेकडीवर, आईशेजारी.
तो गप्प झाला. खरंच वाईट वाटलं असावं त्याला.
मग म्हणाला, नाव काढायला एक अर्ज असतो.
डॉक्टरांची स्वतःची सही लागेल.

अर्ज आलाय. टेबलावर, मिठाच्या बाटलीखाली.
सोडून जाण्याचं कारण :
स्थलांतर, निवृत्ती, करार संपला, इतर.
तू इतर.

काउंटीच्या नर्सने, वेल्डाने, नकाशा दाखवला मला.
आपला भाग हिरवा आहे त्यावर, छान हिरवा,
जूनमध्येही इथे नसतो इतका.
तुझ्यामुळे, म्हणाली.
जोवर तू आहेस तोवर इथे कुणाची कमी नाही,
आणि कमी नाही तर पाठवायचं कुणाला?
जिवंत होतास तेव्हा तीन काउंट्यांना पुरला नाहीस,
बुटांसकट झोपायचास खुर्चीत.
आता पुरतोस.

काल तुझी सही गिरवून पाहिली.
तो कोंबडीने उकरल्यासारखा ओ, मग नुसती रेघ,
औषधवाल्या हर्शेललाच वाचता यायची.
चौथ्यांदा जमली. हात थरथरला थोडा,
पण शेवटी शेवटी तुझाही थरथरायचा.

पाकीट चिकटवलंय. गुरुवारी बेटोला घेऊन जातेय
आपल्या पिकअपमधून, एकशे चाळीस मैल.
वाटेत टपालात टाकीन.

टाकीनच.

फक्त एवढंच, की काल रात्री साडेनऊला फोन वाजला
आणि मी अनवाणी धावले, गुडघ्याची पर्वा न करता,
आणि धावताना, देव मला क्षमा करो,
बरं वाटलं :
तुझ्यासाठी आहे.