टायमर

तपकीर गल्लीतून आणला, साडेतीनशेला.
तीनशे वीस म्हटलं, तर दुकानदारानं
वर बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही.
पांढरी तबकडी, कडेनं बारीक दात,
एक दात म्हणजे पंधरा मिनिटं.

परसात कढीपत्त्याखाली डासांचा सापळा
चोवीस तास जळायचा.
दुपारी दोनला, आंबील ओढ्याचे डास
गाढ झोपलेले, आणि याचा पंखा घूं घूं.
बत्तीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले,
सहकारनगर ते बिबवेवाडी.
मला ते बघवेना.

चार रात्री जागलो. तासातासाला जाळी झटकली,
मोजले, वहीत लिहिले:
सहा ते नऊ एकशे अकरा.
मध्यरात्री पाच, त्यातला एक पतंग.
पाच ते सात चाळीस.
वीस दात खाली दाबले, बाकीचे वर.

"महिन्याला किती वाचणार?" सुलभानं विचारलं.
"एकोणनव्वद रुपये."
ती गवार मोडत राहिली.
"आणि तुमची चार रात्रींची झोप?"
तो रकाना वहीत नव्हता.

गुरुवारी वीज गेली, अकरा ते एक.
तबकडी तिथंच थांबली, दोन तास मागे पडली.
संध्याकाळचे सहा, आणि टायमरचे अजून चारच.
बोटानं पुढे सरकवता आली असती.
पण मी खुर्ची टाकली सापळ्याशेजारी,
बाही दुमडली,
म्हटलं, बघू तरी.

पहिला आला मनगटावर,
घड्याळाच्या पट्ट्याला लागून.
सहा वाजून चार मिनिटं.

लिहून घेतलं.
मग मारला.