चाळीस फूट तेल

पर्वरीत, तीन नंबरच्या लेनवर
तेल मीच ओढतो, सकाळी नऊला.
चाळीस फूट. पुढचे वीस कोरडे.

लिओपोल्डचा नवा जांभळा बॉल, पंधरा पौंडी,
इंजिन बंद करून धक्क्याकडे सरकणारी
बेतीची फेरीबोट जशी, तसा निघतो,
वाटतं, गेला गटारात.
मग कोरडं लागतं
आणि तो वळतो,
मागून कुणी घरचं नाव घेतल्यासारखा.
दहाही पिना आडव्या.

संध्याकाळपर्यंत पर्यटकांच्या चार पार्ट्या.
निम्मं तेल त्यांचे बॉल पुसून नेतात,
उरलेलं पुढे ओघळतं, नको तिथं.
आता तोच बॉल अर्ध्यातच वळतो, उतावळा,
पिनांशी पोचतो तेव्हा दमलेला.
सात आणि दहा उभ्या,
दोन टोकांना,
बोलणं टाकलेल्या जावा.

"बॉल पाड जालो मरे!"
मी फडका पुढे करतो.
तो पुसतो. फडका काळा.
अठ्ठावीस हजारांचा बॉल
पोटाशी धरून उभा राहतो जरा वेळ,
मग गुपचूप दोन फळ्या डावीकडे सरकतो.

मशीन लावायची वेळ झालीय.
राहू दे.
हा एक टाकू दे त्याला.