बादलीत हात

तिनं काउंटरवर एकेक करून अकरा मांडले
हिरव्या बनातीवर, मिटलेले,
पाय दुमडून बसलेल्या टोळांसारखे.
आयसेनमध्ये, रस्ता नदीपाशी संपतो तिथलं दुकान:
खिळे, केरोसीन, घोड्यांचे नाल,
आणि काचेखाली चाकू.

मी एकोणीस वर्षांचा.
जगण्याबद्दल जे ठाऊक होतं ते पडद्यावरून आलेलं.
विमान कोसळतं, एकच माणूस वाचतो,
त्याच्या बुटात चाकू असतो,
आणि दीड तासात तो अस्वलाला, नदीला, स्वतःच्या दाढीला
पुरून उरतो.

"आमच्याकडे अस्वलं नाहीत," दोन्या एदेल्मिरा म्हणाली.
"पाऊस आहे."

मी काळा उचलला.
पात्याच्या पाठीवर करवत, मुठीत होकायंत्र,
उघडताना असा आवाज की
दुकानातलं मांजर उठून बसलं.
"ह्यानं काय कापणार?"
"काहीही."
"काहीही म्हणजे काहीच नाही, एवारिस्तो."

मग मागून तिनं बादली आणली.
नातवानं पहाटे धरलेले ट्राउट, वर बर्फाचा पापुद्रा.
म्हणाली, हात घाल.
आणि स्वतः स्टुलावर बसून
भोपळ्यातला कडू काढा नळीनं ओढत राहिली,
सावकाश,
तळाशी गुडगुड होईपर्यंत.
एक मासा माझ्या करंगळीला लागून गेला.
मग तेही कळेनासं झालं.

"आता उघड."

काळ्याचा खटका सापडेना, अंगठा लाकडाचा झालेला.
हाडाच्या मुठीच्या देखण्या चाकूला नखापुरती खाच होती,
नख वळलं, पातं हललंही नाही.
तिसरा उघडला, पण त्याची खिट्टी अर्धीच बसली असावी,
जरा दाबला तसा मिटला,
माझ्या बोटावर.
रक्त आधी बनातीवर दिसलं.
दुखलं मागाहून, घरी जाताना.

तिनं चिंधी बांधली. बांधता बांधता सांगितलं:
ओनोफ्रेचा चाकू फार चांगला होता. धार अशी
की मेंढीला कळत नसे.
दुसऱ्या संध्याकाळी हातातून पडला.
तपकिरी मूठ, तपकिरी पाला, वर भुरभुरणारा बर्फ.
"तुमच्या सिनेमात दाखवतात का कधी,
माणूस अख्खी दुपार गुडघ्यांवर
चाकू शोधतोय?"

"सापडला?" मी विचारलं.

"चाकू वसंतात सापडला," ती म्हणाली,
आणि गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

उरलेल्यांत एक निळा होता.
प्लास्टिकची मूठ, लहान मुलाच्या खेळण्यातली वाटावी अशी.
पात्याला आरपार भोक, अंगठ्याचं मांस आत रुतेल एवढं,
आणि पातं उघडल्यावर फिरवायची जाड कडी.
तो उघडला. कडी फिरली. दाबला, मिटला नाही.
तिनं तो माझ्या हातून घेतला, दार ढकललं
आणि बाहेर चिखलात, काटक्यांत भिरकावला.
"जा, आण."
मी उंबऱ्यातूनच पाहिला.
कालाफातेची बोरं सोडली
तर आमच्या रानात निळं काही उगवत नाही.

काळ्याच्या चौथाई किमतीत मिळाला.
पैसे देताना मला, खरं सांगतो, लाजच वाटली.
असा चाकू घेऊन कोण कशातून वाचणार?

त्याला आता सव्वीस वर्षं.
पाव कापलाय. कोकराच्या मानेत आवळलेला दोर कापलाय.
टाचेतला काटा काढलाय, टिनातले पीच खाल्लेत.
आणि एकच रात्र, कड्याच्या वळचणीला,
भिजलेल्या फांदीची साल सोलून,
ओला थर सोलून,
आत कुठंतरी कोरडं लाकूड असतं त्याचे
केसांसारखे छिलके काढत बसलो.
पार्श्वसंगीत नव्हतं.
नाक गळत होतं.
मी शिव्या देत होतो, बहुधा काडेपेटीला.
किती छिलके विझले ते मोजले नाहीत.
एक विझला नाही.

बादली अजून दुकानात आहे.
मासे कधी असतात, कधी नसतात.