मागच्या दाराची पितळी पट्टी

मी नेलिदा. दर सोमवारी या घराची जमीन
मेणाने घासते. माझ्याआधी आई घासायची,
आणि बसवली ती आजोबांनी:
जेनोआहून ब्वेनोस आयर्सला आलेला बातिस्ता,
अकरा महिने गुडघ्यांवर,
ओकच्या पट्टीत ओकची पट्टी अडकवत.

मालक उर्किसू, गोठवलेल्या मांसाचा व्यापारी.
बोटी गाई घेऊन जायच्या,
येताना पोट रिकामं नको म्हणून
संगमरवर भरून आणायच्या.
हा जिना असा आला, भरताड म्हणून.
लग्नाच्या दिवशी लेकीचा झगा मागे किती पसरेल
ते मोजून पायऱ्या रुंद केल्या.
लेक मागच्या दाराने गेली,
कोर्दोबाच्या एका दंतवैद्याबरोबर.

मग तीस साल. गहू मातीमोल झाला.
परक्या सरकारशी झालेल्या करारात लिहिलं:
घर, बाग, झुंबरं नऊ,
जमीन पुसणारा एक.
आजोबा म्हणायचे, जागचा न हलता
दुसऱ्यांदा परदेशी गेलो.

राजदूत आले, गेले. तोंडं आठवत नाहीत,
टाचा आठवतात.
एकाला झोप नव्हती,
खिडकी ते शेकोटी तिथली फळी अजून दबते.
एकाची मुलं दिवाणखान्यात चाकांचे बूट घालून फिरली,
ते ओरखडे मी मुद्दाम भरले नाहीत.

मागच्या दाराला पितळी पट्टी आहे, बोटभर.
अलीकडे आमचा देश, पलीकडे त्यांचा.
शहात्तरच्या जूनमध्ये, पहाटे,
गल्लीत बिननंबरची मोटार उभी असताना
एक पोरगा धापा टाकत त्या पट्टीशी थांबला.
एक बूट होता, एक नव्हता.
आई बादली घेऊन बसलेली.
तिने वर बघितलं नाही. म्हणाली,
ओलं आहे, बेतानं ये.

त्रेपन्न दिवस तो जिन्याखालच्या कपाटात राहिला,
चादरींच्या घड्यांत.
मग झेंडा लावलेल्या मोटारीतून विमानतळावर.
पत्र आलं नाही. आईने वाटही पाहिली नाही,
किंवा मला सांगितलं नाही.

जिन्यावरून अजून एकही नवरी उतरलेली नाही.
मेजवानीला आलेले लोक त्याचे फोटो काढतात.
मी खालचं कपाट उघडते, चादरी मोजते.
कंटाळून त्या पोरानं आईकडून फडकं मागून घेतलं होतं
आणि कपाटातली हातभर जमीन
रोज घासली होती.
अख्ख्या घरात तेवढीच
आरशासारखी आहे.
तिथे मला काम पडत नाही.