जाळीवरची नोंद

रजिस्टरात रकाने चार:
गाळ, जलपर्णी, मेलेलं जनावर, इतर.
तीन वर्षं माझी रात्रपाळी पहिल्या तिनांतच निघाली.
फाल्गुनात एकदा दोन नंबरचा दाब बसला,
जाळी वर ओढली
तर तिला खरूज झालेली.
चिंचोक्याएवढे शिंपले, एकावर एक,
काळपट, कवळीसारखे आवळलेले.
मी 'इतर' लिहिलं
आणि उलथन्यानं खरवडायला बसलो.

गंगेचे शिंपले मला ठाऊक आहेत.
ते चिखलात अर्धे रुतून एकेकटे राहतात,
पोरी त्यांनी कैऱ्या सोलतात.
हे धाग्यांनी धरतात:
लोखंडाला, दोराला, एकमेकांना,
आणि आपल्या त्या जुन्या शिंपल्याच्या पाठीलाही,
इतके, की त्याला तोंड उघडता येत नाही.

विद्यापीठातून इनामदार मॅडम आल्या,
डबीत चार घालून उन्हात धरले.
म्हणाल्या, हा खाडीतला.
त्याच्याही आधी लांबच्या कुठल्या समुद्रातला,
जहाजाच्या पोटाला धरून गोदीत उतरलेला.
खारं चालतं, मचूळ चालतं,
आणि गोडंही, असं दिसतंय, चालवून घेतो.
पण इथं पैठणला?
मध्ये अख्खा घाट.
ह्याला पाय कुणी दिले?

पाय कौसाबाईनं दिले.
तिच्या भावानं, रंभाजी घट्यानं,
दोन वर्षांमागं उरणकडून जुनी होडी घेतली,
सागवानी, स्वस्तात,
नाकावर कुण्या देवीचं अर्धं खरवडलेलं नाव.
चैत्राच्या उन्हात लाकूड उलेल
म्हणून कौसाबाई ट्रकच्या हौद्यात बसली.
बुडाला ओली पोती गुंडाळून,
ढाब्याढाब्यावर कळशी भरून,
माळशेज, आळेफाटा, नगर, शेवगाव,
बाळंतिणीच्या उशाशी बसावं तशी
पाणी शिंपडत आली.

बुडाला काही चिकटलेलं होतं का?
"व्हतं की," ती म्हणाली,
"मला वाटलं होडीचेच खवले हायेत."
मग बराच वेळ पदराचं टोक चावलं तिनं.
"म्या पाणी नसतं मारलं, तर मेले असते का हो ते?"
मॅडम चष्मा पुसत राहिल्या.
मी मोटारीचा आवाज ऐकला, जसा काही नवाच होता.

रात्री तीन वाजता सोपी वाक्यं सुचतात.
मला सुचलं:
आपणही धरणानं उचलून
दुसऱ्यांच्या गावठाणाला चिकटवलेलीच माणसं.
पुढं लिहिणार होतो,
पण आपण कुणाचं तोंड दाबलं नाही.
पेन थांबलं.
हे वरच्या आळीला विचारायला हवं.

मे महिन्यात पाणी उतरलं,
बुडालेल्या गावातल्या आडाची कड वर आली.
दरसाल आई तिथं जाते,
दोरानं पडलेल्या खाचांतून बोट फिरवते,
ही आपली, ही कुंभाराची, ही जावेची.
यंदा खाचा सापडेनात.
सगळी कड भरलेली, खडबडीत,
दाट वस्तीची.
आईचा तळवा कापला.
तिनं हात नाकाशी नेला.
"कशाचा रं हा वास?"
मी समुद्र कधी पाहिला नाही.
सांगता आलं नाही.

साहेबांनी नवं रजिस्टर दिलंय.
रकाने पाच.
पाचवा छापलेलाच आहे: शिंपले, किलो.
काल चौदा. आज साडेसोळा.
कौसाबाई रोज येते, तिची हजेरी कुठंच लागत नाही.
स्वतःचं उलथनं आणते,
खरवडलेलं पोत्यात भरते.
भरण्याआधी दर वेळी पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून
चाचपून बघते,
कोरडं आहे ना.