हाक

उद्यमबागेत, मुतगेकरांच्या फौंड्रीच्या माळ्यावर
मला एक टेबल आणि भट्टीकडची खिडकी मिळाली आहे.
काम एवढंच: खालच्या माणसानं पडद्यावर शब्द टाकावा
आणि यंत्रानं तो ऐकावा.

आधी टिंब देऊन लिहीत होते.
यंत्र टिंब थांब. यंत्र टिंब ओत.
प्रत्येक हाक मीच ठरवलेली, वर बसून.
मग टिंब काढलं, चौकोनी कंस घातला,
आत ठेवली कोरी पाटी. येईल ते नाव तिच्यावर,
आणि पुढे दोन गोल कंस, रिकामे,
बांधावरून ओरडताना तोंडाशी धरलेल्या तळव्यांसारखे.

पहिल्याच दिवशी गुरसिद्धाप्पा हुदलींनी
कानडीत टाकलं: निल्लिसु.
यंत्र चालतच राहिलं.
माझ्या पडद्यावर तांबडी ओळ, हे फंक्शन नाही.
"थांब टाका की हो!" मी जिन्यावरून ओरडले.
"तेच की टाकलोय," ते म्हणाले.

खोटं नव्हतं.

आमच्या गल्लीत नुसतं "अगं ए" म्हटलं
तरी चार दारं उघडतात.
यंत्राला एक वेलांटी चुकलेली चालत नाही.

म्हणून बसून यादी केली.
थांब, निल्लिसु, बंद कर, साकु,
सगळ्यांचे हात एकाच खटक्याकडे.
शिवाय एक पहारा: हे नाव तुझं स्वतःचं का?
कारण वाडवडिलांकडून आलेली नावंही
न विचारता ओ देतात,
आणि भलतंच काही करून बसतात.

एकदा नुसती हाकच सुटी काढून ठेवली होती,
वेळेला वापरू म्हणून.
तिनं वेळेवर "थांब" म्हटलं,
पण कुणी थांबायचं, ते विसरून आली.
तेव्हापासून हाकेला तिच्या घराशी बांधून पाठवते.

काल दुपारी भट्टी निवत होती.
पडद्यावर आलं: ऊटा आतेन्री?
यादीत नव्हतं. यंत्रानं मी शिकवलेलं
दोन्ही लिप्यांत म्हटलं, कळलं नाही, पुन्हा सांगा.
खाली हुदली, हातमोजे काढून, वर बघत.

खिडकी उघडून म्हटलं, "आत्री."
डब्याचं झाकणही अजून काढलं नव्हतं.