तीन नंबरची चावी

पहाटे चाराला दहा कमी असताना
मी खड्ड्यावरचं लोखंडी झाकण सरकवतो,
टॉर्च दातात धरतो
आणि पाच फुटी चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवतो.
ऑफिसच्या कागदावर बारा आटे लिहिलेत.
बारा आट्यांत पाणी बालवाडीपर्यंत चढतं
आणि तिथे दम खात बसतं.
वरच्या गल्लीला सतरा लागतात.
हे कुठे लिहिलेलं नाही,
हे माझ्या उजव्या खांद्यात आहे.

अर्ध्याअधिक मुंबईचं पाणी आमच्या भांडुपात गाळून पुढे जातं
आणि इथल्याच टेकडीवर बायका
हंडा उशाशी घेऊन झोपतात.

वॉर्ड ऑफिसकडून टिपणीस नावाची पोरगी आली
तेव्हा वाटलं, आली आता हजेरीची नवी भानगड.
तिने बालवाडीत सतरंजी घातली,
भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या
आणि मोबाईलचा पडदा सगळ्यांना दाखवला.
वर बटण होतं : तक्रार नोंदवा.

दुर्पदाबाई खिल्लारे चष्मा पुसत म्हणाल्या,
मी काय भांडकुदळ आहे?
तक्रार म्हटलं की नाव येतं, नाव आलं की नळ तुटतो.
सरळ लिही ना : पाणी आलं नाही.

पोरीने जुनी चिठ्ठी काढली. फाडली नाही, खिशात ठेवली.

नूरजहाँ आपा म्हणाल्या, आलं-नाही काय विचारतेस,
करंगळीएवढं आलं तरी आलंच म्हणायचं का?
हंडे विचार. किती भरले.
मग पडद्यावर हंडे आले, एकापासून सहापर्यंत,
आणि एक पालथा.

फोन पोराकडे असतो आणि पोरगा रात्रपाळीला,
असं चौघीजणी एकदम बोलल्या.
त्यावर तिला लगेच उत्तर सुचलं नाही.
पुढच्या बुधवारी ती परत आली :
एका फोनवर पाच घरं, आणि वाचायला नको,
फोन उचलायचा, आवाज सांगेल.
आवाज कुणाचा, यावर पाऊण तास वाद झाला.
शेवटी आपांचाच घेतला.

मी दाराशी उभा होतो, चप्पल न काढता.
काका, तुम्ही सांगा, ती म्हणाली.
मी म्हटलं, बाई, ग्रीस लागलेल्या अंगठ्याला
तुमचं हे बारकं बटण ओळख देत नाही.
ते तळहाताएवढं झालं.
मग तिने विचारलं, आटे किती?
बारा, मी म्हटलं.
ती नुसती बघत राहिली. दुर्पदाबाई पण.
सतरा, मी म्हटलं.

बावीस वर्षांची गोष्ट
तिने चार सेकंदांत टाईप केली.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
सतरा आता कुणालाही कळणार,
मग मी कोण?

पहिल्या आठवड्यात वरच्या गल्लीतून
चार रात्री चार-चार हंडे आले
आणि गुरुवारी पालथा.
गुरुवारी माझी सुट्टी, बदलीवाला कागद वाचतो.
इंजिनियरसाहेबांनी पडद्याला बोट लावलं :
हे असं किती वर्षं चाललंय?
कुणी बोललं नाही.
नवीन पंपाची फाईल अजून टेबलावरच आहे,
हेही लिहिलं पाहिजे.
पण कागदावरचे बारा खोडले गेले.

काल गुरुवार. घरी, कळव्याला,
चाराला दहा कमी असताना जाग आली.
उशाखाली फोन थरथरला.
आपांचा आवाज, थोडा खोकल्यासकट :
पाणी सोडलंय, उठा गं.
मी उठलो नाही.
अंधारात पडल्या पडल्या
चादरीवर माझा हात मात्र फिरत राहिला,
अकरा, बारा,
तेरा…
पंधराव्याला झोप लागली.